मॉर्टल कॉम्बॅटलाही संरक्षण?

अठरा वर्षांखालच्या मुलांना हिंसक व्हिडिओ गेम विकायला कॅलिफोर्नियाने २००५ साली बंदी केली. दंड होता एक हजार डॉलरपर्यंत. कायद्यावर सही केली गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी, पडद्यावर इतक्या बंदुका चालवून झाल्यावर! अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी तो कायदा रद्द केला.

गेमही पात्रे, संवाद आणि कथानक यांतून काही सांगतात, म्हणून पुस्तकांना मिळणारे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण त्यांनाही लागू, असे निकालपत्रात न्यायमूर्ती स्कालिया यांनी म्हटले. डान्टे वाचणे मॉर्टल कॉम्बॅट खेळण्यापेक्षा नक्कीच सुसंस्कृतपणाचे, पण राज्यघटनेला त्या फरकाशी कर्तव्य नाही, असेही त्यांनी एका तळटीपेत नोंदवले. मला अख्ख्या निकालात ही तळटीप सर्वांत मोलाची वाटते. आधी सांस्कृतिक मूल्य सिद्ध करा, असे म्हटले की ते मोजायला कोणीतरी सरकारी माणूस बसवावा लागतो. १९१५ मध्ये याच न्यायालयाने सिनेमाला निव्वळ धंदा ठरवले होते; ते मत बदलायला १९५२ उजाडले. वेढ्यात अडकलेल्या नागरिकांवरचा 'धिस वॉर ऑफ माइन' हा गेम पोलंडने शाळेच्या वाचनयादीत घ्यायचे ठरवले, हे छानच. पण त्याच्या पुण्याईवर बाकीच्या गेमना जगावे लागू नये.

विरोधी मत मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाही. तेरा वर्षांच्या मुलाला नग्न स्त्रीचे चित्र असलेले मासिक विकता येत नाही, मग त्याच स्त्रीला बांधून, छळून मारायचा गेम कसा विकता येतो, असे न्यायमूर्ती ब्रेयर यांनी विचारले. बहुमताला याचे समाधानकारक उत्तर देता आले, असे वाटत नाही. स्वतःच्या हाताने गोळी झाडायला लावणारे माध्यम पुस्तकापेक्षा वेगळे असू शकते, हा संशय रास्तच आहे. पण केवळ संशयावर विसंबायचे, तर आपल्याकडचा, चित्रपट-दिग्दर्शक के. ए. अब्बास यांचा सेन्सॉरविरुद्धचा खटला आठवावा. सिनेमा मनाला अधिक खोल भिडतो, या कारणाने १९७० मध्ये पूर्वपरीक्षणाला मान्यता मिळाली आणि सेन्सॉर आजही कायम आहे.

आशयाला हात न लावताही गेमवर नियम घालता येतात. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे मोजून उघडायच्या, आत काय निघेल ते नशिबावर असलेल्या 'लूट बॉक्स'ना जुगाराच्या कायद्याखाली आणले, तेव्हा कोणत्याही गेमच्या गोष्टीतला एक प्रसंगही कापावा लागला नाही.