निःसंतान : देहामुळे की नात्यामुळे?

१/ एखादी स्त्री निःसंतान होती असे वाचताच आपण तिच्या देहात कारण शोधतो. माझे म्हणणे असे, की आधी तिच्या नात्यांचा इतिहास तपासावा.

२/ गोदूबाईंना बालपणीच वैधव्य आले. पुनर्विवाहाला १८५६ च्या कायद्याची मान्यता होती, रूढीची नव्हती. शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंनी १८९३ मध्ये विधुर धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह केला, बहिष्कार सोसला आणि पुढे त्या तीन मुलग्यांच्या आई झाल्या. देह तोच होता. बदलले ते नाते.

३/ कर्व्यांच्या पहिल्या पत्नीचे पुत्र रघुनाथ. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्यांनी व पत्नी मालतीबाईंनी स्वतःला अपत्य नको, असे विचारपूर्वक ठरवले.

४/ गोदूबाईंची वाट असंख्य बालविधवांना कधी लाभलीच नाही. त्यांना विचारले कोणी नव्हते. मालतीबाईंनी निवड केली होती. कुलवृत्तांतात मात्र दोघींच्या नावापुढे शेरा एकच पडेल : निःसंतान.

५/ म्हणून तो शेरा वाचताना एक प्रश्न अवश्य विचारा : हा निर्णय कोणाचा होता?