कंपनीची नोंद, सरकारी दारातून

मुलाच्या खोकल्याच्या औषधाचा चाचणी अहवाल कंपनी तुम्हाला देणार नाही; माहिती अधिकार कायदा तिला थेट लागूच नाही. पण २००५ च्या या कायद्यानुसार, सरकारी यंत्रणेला अन्य कायद्याने खासगी संस्थेकडून मिळवता येणारी माहितीही 'माहिती'च ठरते. औषध निरीक्षकाला कारखान्याच्या नोंदी तपासण्याचा अधिकार आहे. म्हणून अर्ज अन्न व औषध प्रशासनाकडे करावा: १० रुपये शुल्क, औषधाचे नाव, बॅच क्रमांक, हवा तो नेमका कागद. 'सगळी माहिती द्या' असे मोघम लिहू नये. 'व्यापारी गुपित' हे ठरलेले उत्तर आले, तरी व्यापक जनहितासाठी तेही उघड करता येते. मुलांच्या औषधाच्या शुद्धतेहून मोठे जनहित कोणते? नकार मिळाल्यास ३० दिवसांत पहिले अपील करता येते.