आजीला मागे चढवून पाहा

सुटीत तिवशाहून अमरावती, परतवाडा करीत चिखलदऱ्याला जायचे, तर घरची सात माणसे बसवायची कशात? १९९४ साली आलेल्या टाटा सुमोत मागच्या समोरासमोरच्या बाकांवर गुडघ्याला गुडघा लावून आपण खूप फिरलो. ती २०१९ मध्ये बंद झाली. बोलेरोत मागे अजून आडवेच बसावे लागते. घाटात लेकरांना ओकाऱ्या होतात. अर्टिगाची तिसरी रांग पुढे तोंड करून आहे, पण सात जण बसले की सामानाला २०९ लिटर जागा. डबे मावतील, अंथरुणे नाही!

भाड्याची गाडी असेल तर पाटी पांढरी नको. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने नेली आणि अपघात झाला, तर विम्याचे पैसे अडू शकतात.

आणि पैसे देण्याआधी मधली सीट दुमडून आजीला मागे चढवून पाहा. आमच्या सासूबाई एकदा चढल्या, उतरल्या आणि सरळ पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.