ड्रोनवर ५ टक्के जीएसटी झाला, मग आपलं पहिलं मॉडेल विमान स्वस्त होणार का?

२२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्या ड्रोनवर सरसकट ५ टक्के जीएसटी लागू झाला. त्याआधी कॅमेरा असलेल्या ड्रोनवर १८ आणि वैयक्तिक वापराच्या ड्रोनवर २८ टक्के कर होता. बातमी आली आणि कॉलेजच्या ज्युनियर्सचे मेसेज सुरू झाले, "दादा, आता आरसी विमान स्वस्तात बनेल ना?" खरं सांगायचं तर, करामुळे फारसं नाही. डोकं वापरून खरेदी केलीत तर नक्की.

नियम काय म्हणतात?

फेब्रुवारी २०२२ पासून परदेशातून तयार ड्रोन किंवा त्याचं जोडायचं किट आणायला बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांना अपवाद आहे. सुट्या भागांच्या आयातीला मात्र परवानगी लागत नाही. आणि ड्रोन नियम २०२१ नुसार 'ड्रोन' म्हणजे फक्त चार पंख्यांचं यंत्र नाही, रिमोटवर उडणारं विमानही त्यातच येतं.

म्हणून आपल्याकडे बहुतेक जण सुटे भाग आणून फोम शीटचं विमान घरीच बनवतात. पण ५ टक्क्यांची सवलत आहे ती ड्रोनवर. सुटी लिथियम-आयन बॅटरी घेतलीत तर १८ टक्केच लागतात. म्हणजे पैसे वाचणार ते योग्य जोडी निवडण्यातून.

आधी वजन, मग मोटर

बरेच जण आधी मोटर घेतात. उलटं करा. शिकाऊ विमानाला साधारण किलोमागे १५० ते २०० वॅट पुरतात. बॅटरीसकट ८०० ग्रॅमचं विमान असेल तर १२० ते १६० वॅट. तीन सेलची (३एस) लिपो बॅटरी ११.१ व्होल्टची असते. १६० भागिले ११.१, म्हणजे साधारण १४.५ अँपिअर. झालं, निम्मं काम संपलं.

आता मोटर. ए२२१२ ही मोटर काहीशे रुपयांत मिळते, पण ती १०००, १४०० आणि २२०० केव्ही अशा प्रकारांत येते. केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे. एका व्होल्टला, लोड नसताना, मिनिटाला किती फेरे, तो हा आकडा. कमी केव्हीला मोठा प्रोपेलर, जास्त केव्हीला छोटा. शिकाऊ, हळू उडणाऱ्या विमानाला १००० केव्ही आणि ९ किंवा १० इंची प्रोपेलर ही जोडी बरी.

ही जोडी चुकली की काय होतं ते मी अनुभवलंय. सेकंड इयरला 'जास्त केव्ही म्हणजे जास्त पॉवर' समजून २२०० केव्हीच्या मोटरवर १० इंची प्रोपेलर लावला. काही सेकंदांत ईएससीतून धूर! कारण साधं आहे: प्रोपेलरचे फेरे दुप्पट करायचे तर ताकद जवळपास आठपट लागते. मोटर तेवढा करंट ओढायला जाते आणि मधला ईएससी जळतो.

ईएससी घेताना एक गोष्ट बघाच

ईएससी म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट. आपल्याला १५ अँपिअर लागतात, तर २० किंवा ३० चा घ्या. पण बाजारात ड्रोनसाठीचे ईएससी भरपूर आहेत आणि त्यातल्या काहींत बीईसी नसतो. बीईसी म्हणजे सर्व्हो आणि रिसिव्हरला ५ व्होल्ट देणारा भाग. विमानाला तो हवाच, नाहीतर वेगळा विकत घ्यावा लागतो. विमानाचा ईएससी बॅटरी उतरत आली की आधी मोटर बंद करतो, सर्व्हो चालू ठेवतो. विमान तरंगत खाली आणता येतं.

बॅटरीत कंजुषी नको

२२०० एमएएचची बॅटरी ८० टक्के वापरली आणि सरासरी ८ अँपिअर लागले, तर १३ मिनिटं उडता येतं. १३०० एमएएचला जेमतेम ८ मिनिटं, पण वजन कमी. पहिल्या विमानाला हलकी बरी, कारण हलकं विमान पडलं तरी कमी मोडतं.

फोनची फुगलेली बॅटरी पाहिली असेल. लिपो त्याच जातीची, पण तिच्यात सहसा फोनसारखं संरक्षण सर्किट नसतं. फोनच्या चार्जरची वायर कापून ती चार्ज करण्याचा जुगाड अजिबात करू नका. बॅलन्स चार्जर घ्या, २२०० एमएएचला २.२ अँपिअरवर लावा आणि समोर बसून राहा. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर जाऊ देऊ नका. आठवडाभर उडवणार नसाल तर ३.८ व्होल्टवर ठेवा. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही.

माझं मत विचाराल तर बजेट कमी असताना मोटर स्वस्त चालेल, चार्जर नाही. मोटर बिघडली तर विमान पडेल, चार्जिंग बिघडलं तर घर पेटेल.

आणि उडवण्याआधी सरकारी एअरस्पेस नकाशावर जागा बघा. ग्रीन झोनमध्येही मर्यादा ४०० फुटांची आहे. विमानतळाजवळ तर प्रयोग नकोच. गावाबाहेरचं मोकळं माळरान आणि वारा नसलेली सकाळ, एवढं पहिल्या उड्डाणाला पुरतं.