पाण्याची रेघ

ऱ्हाइनच्या सफरीत आमच्या बोटीने ॲमस्टरडॅमला अवघे चार तास दिले. त्यांतला एक आमच्या मंडळींनी चीजच्या दुकानात घालवला. त्याबद्दल न बोललेले बरे! कालव्यांकाठची चिंचोळी घरे, माथ्यावर सामान ओढून घ्यायचे आकडे, सारे चित्रातल्यासारखेच. मी अडकलो तो नगरभवनात. तिथे पाण्याने भरलेले काचेचे तीन उंच नळ होते. दोहोंत समुद्राची आजची पातळी, तिसऱ्यात १९५३ च्या फेब्रुवारीतल्या महापुराची : साडेचार मीटर! त्या पुरात हॉलंडात अठराशेवर माणसे गेली.

आम्ही कल्याणकर. २६ जुलै २००५ ला पुराचे पाणी आमच्या तळमजल्यात शिरले, तेव्हा आईला माळ्यावर बसवून मी रात्रभर पाण्यात उभा होतो. पाणी ओसरल्यावर भिंतीवर रेघ उरली. दिवाळीला मी रंग काढायला लागलो, तर आई म्हणाली, "राहू दे रे ती. पुढच्याला कळेल."

मी रेघ पुसली. पुढे ती खोली भाड्याने दिली. रेघ असती तर भाडे कमी आले असते, हेही खरेच. २०१९ च्या जुलैत उल्हास पुन्हा चढली. भाडेकरूच्या बायकोचे शिलाईचे यंत्र, शिवायला आलेले लोकांचे कापड, सगळे बुडाले. "काका, इथे पाणी येते हे तुम्हांला ठाऊक नव्हते?" तिने विचारले. मी 'नाही' म्हणालो.

"अहो, चला, बोट सुटेल," सौ. म्हणाली. मग तीही नळाकडे बघत राहिली. "आपली रेघ कुठवर होती हो?"

मी छातीवर हात ठेवून दाखवला.