नाचणारीचा झगा आणि पाहणाऱ्याची नीति

मीरा-भाईंदरच्या एका गृहसंकुलांत परवां एका स्नेह्यांच्या घरीं बसलों होतों. त्यांची कन्या बॅले शिकते. तिचे गुलाबी सपाट जोडे व जाळीचा आखूड झगा त्यांनीं मोठ्या कौतुकानें आम्हांस दाखविले आणि "यांत कसा संस्कार आहे पाहा!" असें ते म्हणाले. घटकाभरानें वर्तमानपत्र उघडतांच महामार्गालगतच्या एका ऑर्केस्ट्रा बारवर पोलिसांनीं छापा घातल्याचें वृत्त त्यांच्या दृष्टीस पडलें, आणि "या नाचणाऱ्या बायकांनीं शहराचें नांव घालविलें" असे उद्गार त्याच मुखांतून निघाले. यजमानाच्या चहाचा मान राखावा म्हणून आम्ही गप्प राहिलों. परंतु हा निवाडा एकट्या त्यांचा नव्हे, आपल्या साऱ्या सुशिक्षित समाजाचा आहे. म्हणून त्याची झडती घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

ज्या झग्यांत आज संस्कार दिसतो त्याची कुळकथा काय आहे? फ्रान्सच्या चौदाव्या लुईनें 1661 सालीं नृत्याची राजमान्य अकादमी स्थापन केली. नृत्य दरबारचें, म्हणून वेषहि दरबारचाच. पॅरिसच्या ऑपेराच्या रंगभूमीवर धंदेवाईक स्त्रिया प्रथम 1681 मध्यें नाचल्या. तोंपर्यंत तेथें स्त्रियांचीं सोंगें पुरुषच घेत. पुढें अठराव्या शतकांत नर्तकीच्या कमरेस कमानींवर ताणलेला प्रचंड घेर, पायांत टांचेचे जोडे आणि डोक्यावर पावडर फासलेला केशसंभार असे. पुरुषांच्याहि कमरेस ताठ आखूड घेर आणि तोंडावर मुखवटा असे. एवढें ओझें वाहून जें उरेल तें नृत्य!

त्या ओझ्यास दोघी नर्तकींनीं हात घातला. मारी कामार्गो 1726 सालीं पॅरिसच्या ऑपेरांत प्रथम उभी राहिली. हवेंत उडी घेऊन पायांची झटपट अदलाबदल करण्यांत तिचा हातखंडा होता. पण जमिनीपर्यंत लोळणाऱ्या झग्यांत तें कौशल्य दिसणार कसें? तिनें झगा घोट्याच्या वर घेतला, आणि शहरभर त्या चार बोटांची चर्चा झाली. मारी साले हिनें 1734 मध्यें लंडनला 'पिग्मेलियन' या नृत्यनाट्यांत कमानींचा घेरच टाकला आणि ग्रीक पुतळ्याप्रमाणें साधी मलमल नेसून, केस मोकळे सोडून ती नाचली. लंडननें तिला डोक्यावर घेतलें; आणि पुढच्याच वर्षीं हँडेलच्या 'अल्चीना'मध्यें ती पुरुषवेषांत मदन होऊन आली तेव्हां त्याच लंडननें तिची हुर्यो केली. नर्तकी तीच, शहरहि तेंच. पालटली ती केवळ प्रेक्षकांची मर्जी, आणि त्या मर्जीलाच नीति हें नांव मिळालें.

1760 सालीं नोव्हेर या नृत्याचार्यानें पत्ररूपानें लिहिलेला आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. मुखवटे फेका, घेर काढा, टोप आवरा, मनुष्याचा चेहरा व देह बोलूं द्या, असा त्याचा आग्रह होता. हें सारें एका दिवसांत घडलें नाहीं. मुखवटे 1770 नंतर हळूहळू गळाले, आणि राज्यक्रांतीनंतर पातळ वस्त्रें व सपाट जोडे रूढ झाले. त्याच नोव्हेरचा जन्मदिवस, 29 एप्रिल, हा 1982 पासून आंतरराष्ट्रीय नृत्यदिन म्हणून पाळला जातो.

परंतु वेष सुधारला म्हणून नर्तकीची प्रतिष्ठा वाढली काय? गीमार नांवाच्या विख्यात नर्तकीस सूबीझच्या राजपुत्राचा आश्रय होता. तिच्या वाड्यांत खाजगी नाट्यगृह होतें आणि तेथें उमरावांची गर्दी लोटे. नर्तकीचें चारित्र्य तेव्हां चहाटळांच्या चर्चेचा विषय होता. उमरावांचें चारित्र्य मात्र कुलीनच राहिलें.

आतां घरच्या अंगणांत पाहूं. नोव्हेर लिहीत होता तो काळ आमच्या पेशवाईचा. राम जोशी 1762 सालीं जन्मला, होनाजी त्याच्याहून थोडा वडील. त्यांच्या लावण्या ज्या स्त्रियांनीं पुढें पायांत चाळ बांधून जिवंत ठेवल्या, त्या नऊवारींत गळ्यापासून घोट्यापर्यंत झांकलेल्या असतात. तरी आमच्या दृष्टीनें अश्लील त्या, आणि गुडघ्यावर झगा घेणारी बॅलेरिना सोज्वळ! म्हणजे तंटा कापडाचा नाहींच. तंजावरास सरफोजी राजांनीं नृत्यासाठीं मराठींत रचना केल्या. तेथील नर्तकी 1880 सालीं राजकन्येबरोबर बडोद्यास आल्या. त्या स्त्रियांना समाजानें जवळ केलें नाहीं. त्यांचीच कला पुढें भरतनाट्यम् या नांवानें उच्चवर्णीय मुलींच्या पायीं आली, तेव्हां तिच्या अरंगेत्रमच्या निमंत्रणपत्रिका आम्ही अभिमानानें वाटूं लागलों.

2005 सालीं महाराष्ट्र सरकारनें पोलीस कायद्यांत दुरुस्ती करून बारमधील नृत्यावर बंदी घातली. पण तीन व त्याहून अधिक तारांकित हॉटेलें आणि केवळ सभासदांचे जिमखाने यांस तींतून वगळलें. आमच्या मतें या एका अपवादानें साऱ्या कायद्याचें अंतरंग उघडें केलें. जें नृत्य काशीमिऱ्यास पाप, तें गालिच्यावर पाप नव्हे! मुंबई उच्च न्यायालयानें 2006 मध्यें ही बंदी रद्द ठरविली आणि 2013 मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय कायम केला. त्यानंतर 2016 चा नवा कायदा आला, आणि त्याच्याहि अनेक अटी सर्वोच्च न्यायालयानें 2019 मध्यें रद्द केल्या. मधल्या वर्षांत ज्या स्त्रियांची भाकर गेली, त्यांना भरपाई कोणत्या निकालानें दिली?

कोणी म्हणेल, "बारमध्यें शोषण होतें, तें तुम्हांस दिसत नाहीं काय?" दिसतें, आणि तें पॅरिसमध्येंहि होतें. शोषण मोडावयाचें तर अल्पवयीन मुलींना त्या जागीं ठेवणाऱ्यास शिक्षा करा, ठरलेली मजुरी हातीं पडेल असें पाहा, रात्रीं घरीं परतण्याची सोय लावा, नोटा उधळणाऱ्याचा हात आवरा. हें कठीण आहे, म्हणून आपण सोपें तें करतों: नाचणारीस हाकलतों, पाहणाऱ्यास घरीं जाऊं देतों आणि शहर शुद्ध झालें म्हणून समाधान मानतों.

आमच्या स्नेह्यांच्या कन्येनें बॅले अवश्य शिकावें. तिच्या पायांत डौल आहे. पण ते गुलाबी जोडे घालतांना तिला कामार्गोच्या घोट्याची गोष्टहि कोणीतरी सांगावी. तिच्या कलेस आज जो मान आहे तो तिच्या झग्यानें मिळविलेला नाहीं. ज्यांना तो कधींच मिळाला नाहीं अशा स्त्रियांनीं तो मिळवून ठेवला आहे. एवढें तिला कळलें, तर वर्तमानपत्रांतील त्या बातमीवर ती आपल्या वडिलांहून शहाणें कांहीं बोलेल.