तगरमधला ‘ग’ गेला कुठे?

तेर हे धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणेकाठचं गाव. गोरोबाकाकांचं गाव म्हणून आपण त्याला ओळखतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात मात्र त्याचं नाव ‘तगर’ असं आहे. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरची ही पेठ. इथलं कापड गाड्यांतून भडोच बंदराला जाई. तगर म्हणजेच तेर, हे फ्लीट यांनी १९०१ साली दाखवून दिलं.

मग मधला ‘ग’ गेला कुठे? क, ख, ग, घ यांना आपण कंठ्य म्हणतो. खरं तर जिभेचा मागचा भाग मऊ टाळूला टेकला की ते उमटतात. दोन स्वरांच्या मधे, बोलण्याच्या ओघात, जीभ तिथवर जायचा कंटाळा करते. व्यंजन आधी सैल होतं, मग ‘य’ची छटा उरते आणि शेवटी तीही जाते. वररुचीच्या ‘प्राकृतप्रकाशा’त हा व्यंजनलोप नोंदलेला आहे. नगरचं ‘नेर’ झालं, ते अंमळनेरात दिसतं. वाशीमच्या वाकाटक ताम्रपटातलं ‘नंदिकड’ म्हणजे आपलं नांदेड, असं अभ्यासक मानतात. तिथं ‘क’ गेला. आणि गंमत पाहा, कुंभकारातला ‘क’ गळाला तेव्हाच आपल्या गोरोबांचा ‘कुंभार’ झाला!

ग्रीकांनी तरी ‘ग’ कुठं जपला? त्यांच्या लिपीत गॅमा जागच्या जागी आहे. पण आजचा ग्रीक माणूस तगर वाचील तर त्याचा ‘ग’ उर्दूतल्या ‘ग़’सारखा घासत येईल. ‘ए’ आणि ‘ई’च्या आधी तर त्याचा जवळजवळ ‘य’च होतो.

हे सांगायचं कारण असं, की बोलीतलं रूप म्हणजे बिघडलेलं रूप हा समज अजून जात नाही. लातूर-नांदेडकडचं पोर पुण्यात ‘काय करायलास?’ म्हणालं की हशा पिकतो. बँकेच्या नोकरीत, काउंटरवरच्या शेतकऱ्याची भाषा सुधारणारे साहेब मी पाहिले आहेत. तो शेतकरी पुढच्या खेपेला बोलण्यासाठी दुसऱ्याला सोबत आणी.

ज्या शुद्ध मराठीचा एवढा तोरा, तीच अशा झिजेतून घडली आहे. सोनार, लोहार म्हणताना कुणाला लाज वाटते? शाळेत प्रमाणभाषा शिकवावीच; अर्जाला, पुस्तकाला ती लागते. पण त्यासाठी घरची बोली अशुद्ध ठरवायचं कारण नाही. आईबापांनीही पाहुण्यांसमोर पोराला त्यापायी गप्प करू नये.